चिमणीचं घर उन्हात ठेवलं तेव्हा

कावळ्याने बरणी गच्च खड्यांनी भरली, तरी पाणी काही वर आलं नाही.

कावळा मीच होते. काळी ओढणी खांद्यावरून सोडलेली, समोर काचेची बरणी, भोवती सत्तावीस मुलं मांडी घालून. गोष्ट सांगून झाली होती, आता ‘करून बघूया’ म्हणून मी थाटात खडे टाकायला घेतले. बरणीत पाणी जेमतेम चतकोर. मला वाटलं, पाणी कमी असलं की गंमत जास्त. खडे काठापर्यंत आले आणि पाणी खाली खड्यांच्या फटीत दडून बसलं. मोठ्या शिशूतला एक जण उठला, बरणीला डोळा लावून म्हणाला, “बाई, कावळा मेला.”

मी कराड तालुक्यातल्या एका गावात बालवाडीत शिकवते. वर्ग एकच, छोटा शिशू आणि मोठा शिशू एकत्र, वय साडेतीन ते साडेपाच. मदतीला एक मावशी. इतकी वर्षं माझी गोष्ट म्हणजे हातवारे, आवाज बदलणं आणि शेवटी ‘मग आपण काय शिकलो?’ मुलं एका सुरात उत्तर द्यायची आणि डबे उघडायची. गोष्ट तिथंच संपायची. गेल्या जूनमध्ये ठरवलं की वर्षभर गोष्टी मोजक्याच घ्यायच्या, पण प्रत्येक गोष्ट तीन-चार आठवडे चालवायची आणि तिच्यातलं जे जे हाताने करता येईल ते मुलांकडून करून घ्यायचं.

यात माझं नवीन काही नाही. गिजुभाई बधेकांनी भावनगरला 1920 साली बालमंदिर काढलं, त्यात गोष्टीला मानाचं पान होतं. ताराबाई मोडक तिथूनच हे सगळं शिकून आल्या आणि पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसाठी बिया, पानं, दगड, शिंपले हेच शिक्षणाचं साहित्य केलं. कोर्स करताना परीक्षेपुरतं हे मी पाठ केलं होतं. बरणीसमोर उभी राहिले तेव्हा कळलं की पाठ केलं होतं म्हणजे काय.

त्या दिवशी घरी जाऊन मी स्वयंपाकघरात पुन्हा खडे घेऊन बसले. ओबडधोबड खडे भरले तरी बरणीतली साधारण चाळीस टक्के जागा फटींची राहते. पाणी त्याहून कमी असेल तर ते फटींतच मावतं, वर यायचं कारणच नाही. अर्ध्याहून थोडं जास्त घेतलं की झरझर वर येतं. दुसऱ्या दिवशी तीन बरण्या ठेवल्या. एकीत थोडं पाणी, एकीत निम्मं, एकीत पाऊण. कुठला कावळा पाणी पिणार ते आधी सांगायचं आणि मग खडे टाकायचे. खडे संपल्यावर एकीने प्लॅस्टिकचं झाकण टाकलं. ते तरंगलं. मग अर्धा तास खडे राहिले बाजूला, काय बुडतं आणि काय तरंगतं हेच चाललं. चिंचोका बुडाला, खडूचा तुकडा बुडबुडे सोडत बुडाला, रबराची चप्पल (कुणाची ते आईला कळू नये) तरंगली.

जाता जाता सांगते, इसापाची ही गोष्ट निव्वळ थाप नाही. 2009 साली केंब्रिजच्या संशोधकांनी कावळ्याच्याच कुळातल्या रूक नावाच्या पक्ष्यांपुढे नळीत पाणी आणि त्यावर तरंगणारी अळी ठेवली, तर त्यांनी खरोखर दगड टाकून पाणी वर आणलं. हे मुलांना सांगितलं तेव्हा त्यांना काडीचं नवल वाटलं नाही. “मग? गोष्टीत सांगितलंय की.”

भोपळा आला नवरात्राच्या आसपास. म्हातारी लेकीकडे चालली, वाटेत वाघ, ‘तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’. या गोष्टीचा जीव तिच्या पालुपदात आहे. जी मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत, तीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ला ओठ हलवायला लागतात. पुढे काय येणार हे त्यांना माहीत असतं, म्हणून चुकायची भीती नसते. छोट्या शिशूतली एक मुलगी तीन महिने नुसती मान हलवायची. तिचा पहिला मोठा आवाज मी ऐकला तो ‘टुणूक’.

लाल भोपळा मावशींच्या परसातला, चांगला पाच किलोचा. आधी फळीचा उतार करून तो सोडला. सरळ जाईल तर शपथ. वळून भिंतीला जाऊन आपटला. “आत म्हातारीला चक्कर आली असेल,” इति प्रेक्षक. मग मावशींनी कापला आणि बिया काढायला मुलं बसली. त्या बुळबुळीत रेषांतून एकेक बी चिमटीत धरून ओढायची, धुवायची, कागदावर वाळत घालायची. दोन दिवसांनी मोजणी. मुलांना येत होतं वीसपर्यंत, कुणाला तीसपर्यंत. म्हणून दहा-दहा बिया एकेका झाकणात ठेवल्या. अडतीस झाकणं भरली आणि चार बिया उरल्या. किती झाल्या ते मी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. ‘खूप झाकणं आणि चार’ हे उत्तर सगळ्यांना पटलं होतं. भोपळ्याचे घारगे मावशींनी केले. तो दिवस वर्षातला सगळ्यात शांत.

याच गोष्टीत मला एक ठेचही लागली. आमच्या भागात उसात बिबट्या असतो, ही रोजची बातमी आहे. मी वाघाचा आवाज काढला तसा एक पोरगा गंभीर होऊन म्हणाला, “आमच्या उसातला बिबट्या असं विचारत नाही, बाई. आमची शेरडी नेली. जाडजूड व्हायची वाट नाही बघितली.” सगळे गप्प. काही मुलं घाबरलेली स्पष्ट दिसत होती. मी आवाज बंद केला आणि त्यालाच सांगायला लावलं, शेरडी कशी होती, तिचं नाव काय, आता गोठ्याला काय लावलंय. त्याने जाळीचं दार काढून दाखवलं, पाटीवर. नंतर तीन-चार दिवस सगळ्यांच्या चित्रातल्या भोपळ्याला जाळी होती.

मुखवट्यांबद्दल मात्र आता माझं मत पक्कं झालंय. स्नेहसंमेलनासाठी मी रात्री बारापर्यंत जागून वाघ, कोल्हा, अस्वल असे मुखवटे केले. मुलांनी काय केलं? मिशा रंगवल्या. फोटो छान आले. एक चिमुरडी अस्वल बघून रडली आणि तिला घरी न्यावं लागलं. ती हौस माझी होती, मुलांची नव्हे.

पालकसभेत अपेक्षित तेच झालं. “बाई, वही कोरी आहे. पलीकडच्या शाळेत छोट्या गटाला पन्नासपर्यंत लिहायला येतं.” मी आधी धोरण सांगून पाहिलं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळ-कृतीवरच भर आहे, वगैरे. चेहरे हलले नाहीत. मग बियांचं ताट फिरवलं. म्हटलं, एक बी उचला आणि हात तसाच ठेवा. आता दुसऱ्या हाताने त्या चिमटीत पेन सरकवा. अंगठा, तर्जनी, मध्यमा. बी उचलणारी जी बोटं, तीच पेन्सिल धरणारी. ती बळकट व्हायच्या आधी वही दिली तर मूल पेन्सिल मुठीत धरतं आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. बऱ्याच आयांना पटलं. एका वडिलांना नाही पटलं, त्यांनी मुलाचा दाखला नेला. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. तो बुडणं-तरंगणं फार मन लावून करायचा.

आणि मग चिमणी-कावळा. ही गोष्ट मी दिवाळीनंतर घेतली, कारण घराघरांत उरलेले मेणबत्तीचे तुकडे मिळतात. ते घरी वितळवून मी ताटात ओतले, कोमट असतानाच सुरीने वड्या पाडल्यासारखे चौकोन पाडले. वर्गात मुलांनी भिंती जोडल्या. शेण मावशींनी आणलं. शेणाला ‘शी’ म्हणणारे दोघंच निघाले, त्यांच्या आयांनी दुसऱ्या दिवशी हातमोजे पाठवले. मावशी शेणात भुसा आणि माती मिसळायला लागल्या. मी म्हटलं, कशाला? “नुसतं लावलं तर तडकतंय.” मी गप्प बसले. इथंच चुकले.

चार दिवस घर वाळलं. पाचव्या दिवशी दोन्ही घरं अंगणात मांडली आणि झारीने पाऊस पाडला. एक झारी. दोन झाऱ्या. तीन. शेणाचं घर जागचं हललं नाही, नुसतं काळं पडलं.

“बाई, गोष्ट खोटी आहे.”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मावशी झाडू बाजूला ठेवून म्हणाल्या, “कावळ्याचं घर वाळलं नव्हतं. वाळायच्या आत पाऊस आला त्याच्यावर.” मग ताजं शेण घेऊन लगेच दुसरं घर थापलं, भुसा न घालता. पहिल्याच झारीत वाहून गेलं. टाळ्या. मग मुलांची चर्चा सुरू झाली, ती मी नुसती ऐकली. कावळ्याने घर उन्हाळ्यात बांधायला हवं होतं. चिमणीने त्याला सांगायला हवं होतं. चिमणीला तरी कुठं माहीत होतं, तिला शेणाचं काम येत नाही.

मेणाचं घर आम्ही खिडकीत जपून ठेवलं. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागलं तेव्हा कुणीतरी ते बाहेर पत्र्यावर नेऊन ठेवलं. दुपारी बघतो तर छप्पर आत बसलेलं, भिंती बाहेर वाकलेल्या. त्यावर निकाल लागला की पावसाळ्यात कावळ्याने चिमणीकडे राहायचं आणि उन्हाळ्यात चिमणीने कावळ्याकडे.

तिसऱ्या घराची गोष्ट राहिली. नोव्हेंबरात कारखाना सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या शिवारात येतात. त्यातली एक साडेचार वर्षांची पोर मावशींनी फडावरून हाताला धरून आणली होती. ती वर्गात बसायची, डबा खायची, बोलायची नाही. शेण-मेण चाललं होतं तेव्हा ती बाहेर गेली आणि ओंजळभर पाचट घेऊन आली. ऊस तोडल्यावर सुकलेला पाला उरतो ना, ते. दोन काड्या टेकवून तिने बघता बघता छोटीशी कोपी, म्हणजे ऊसतोडीवाल्यांची पाचटाची झोपडी, उभी केली. अशी नेटकी की मावशीही बघत राहिल्या. मी विचारलं, पावसात वाहून जाईल का गं? “वाहत नाय. गळतीय.” झारी आणली. खरंच, वाहून गेली नाही आणि गळली.

तेव्हापासून आमच्या गोष्टीत तीन घरं झाली. कावळ्याचं शेणाचं, चिमणीचं मेणाचं, साळुंकीचं पाचटाचं. मार्चच्या सुरुवातीला आम्ही ती करून दाखवायची तालीम घेतली, मुखवट्यांशिवाय. कावळा झालेला पोरगा पक्क्या तयारीचा. आधी चिमणीच्या दारात. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, बाळाला काजळ लावते. कावळा प्रत्येक वेळी कुडकुडून दाखवायचा. तिथून निघून तो साळुंकीकडे आला. तिथंही तसंच थांबायचं, असं आमचं ठरलं होतं.

“साळुंकीताई, साळुंकीताई, दार उघड.”

ती आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

“बाई, दार कुठंय? कोपीला दार नसतंय.” आणि त्याला म्हणाली, “ये की आत.”

कावळा आत गेला, तिच्या शेजारी बसला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला. आत आल्यावर काय बोलायचं ते त्याला पाठ नव्हतं.