मिनिमॅप ठेवावा की काढावा? ऊस बिलाच्या फाइलवरचा माझा अनुभव

आमच्या ऑफिसात मिनिमॅपवरून दोन तट पडले होते. मिनिमॅप म्हणजे कोड लिहायच्या एडिटरच्या उजव्या कडेला, स्क्रोल बारला लागून, कोडचं जे बारीक चित्र दिसतं ते. व्हीएस कोड हा आमचा एडिटर टाकला की तो आपोआप चालू असतो, त्यामुळे ठेवायचा की काढायचा हा विचार बहुतेकजण करतच नाहीत. आम्हाला करावा लागला, कारण आमचे निम्मे लॅपटॉप १३६६ बाय ७६८ वाले. डावीकडे फाइलींची यादी, उजवीकडे ही पट्टी, आणि मधे कोडला उरते ती बोळ. नव्यानं लागलेल्या पोरानं एक दिवस विचारलं, "ताई, ही पट्टी काढून टाकू काय? ओळ पुरती दिसंना झालीया." त्यावर पलीकडच्या टेबलावरून आमचे सीनियर सर म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. ती नसली की मी फाइलीत कुठं हाय तेच कळत नाही मला."

दोघांचंही खरं होतं. सगळ्यांसाठी एकच सेटिंग ठरवून रेपोत (सगळ्यांचा सामायिक कोड असतो तिथं) टाकायचं होतं, आणि नेमकं त्याच वेळी एक काम माझ्याकडे आलं होतं. म्हटलं, वाद घालण्यापेक्षा त्या कामावरच बघू.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, राजारामपुरीत. साखर कारखान्यांसाठी ऊस नोंदणी, वजनकाटा आणि ऊस बिलाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. गळीत हंगाम चालू असताना जुन्या कोडला कुणी हात लावत नाही. शेतकऱ्याला चौदा दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) द्यायची असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. अशा वेळी पंधरवड्याचं बिल अडलं तर फोन कुणाला येतो ते सांगायला नको. म्हणून मोठ्या फाइली फोडून लहान करायची कामं पावसाळ्यात. माझ्याकडे आली ती बिलाची मुख्य फाइल: पीएचपी भाषेतली, सुमारे ४,५०० ओळी, एकेक फंक्शन इतकं लांब की सुरुवात आणि शेवट कधी एका स्क्रीनवर यायचे नाहीत. काट्याचं वजन, साखर उताऱ्यावरून दर, तोडणी-वाहतूक, मग सोसायटीचं कर्ज, पाणीपट्टी, ॲडव्हान्स, खताची कपात, शेवटी बँकेची यादी. कपातीचा क्रम प्रत्येक कारखान्यात वेगळा आणि सगळे क्रम एकाच फाइलीत.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली जी मी इतकी वर्षं मिनिमॅप बघूनही कधी नीट पाहिली नव्हती. मिनिमॅप लांब फाइल अख्खी दाखवत नाही. साध्या स्क्रीनवर व्हीएस कोड एका ओळीला दोन पिक्सेल उंची देतो. आमच्या लॅपटॉपवर एडिटरला मिळते साधारण सहाशे पिक्सेल, म्हणजे एका वेळी तीनशेच्या आसपास ओळी. बाकीच्या चार हजार पट्टीबाहेर. तुम्ही खाली गेलात की पट्टीही सरकते. त्यामुळे "दर काढायचं फंक्शन पट्टीच्या मधोमध आहे" अशी जागा डोक्यात बसतच नाही. ते कधी वर असतं, कधी खाली, कधी नसतंच.

आणि जागा लक्षात राहणं हाच तर या कल्पनेचा पाया. २००६ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी कोड थंबनेल्स नावाचा प्रयोग मांडला, त्यांचा मुद्दाच होता की माणूस कोड नावाबरोबर जागेवरूनही आठवतो. त्याच्याही आधी, १९९२ मध्ये, बेल लॅब्जमध्ये सीसॉफ्ट नावाचं साधन झालं. त्यात कोडची प्रत्येक ओळ म्हणजे एक बारीक रंगीत रेघ, आणि एका स्क्रीनवर ५०,००० ओळी एकदम. पण तिथल्या रंगाला अर्थ होता, उदाहरणार्थ ती ओळ किती अलीकडे बदलली. आपल्या मिनिमॅपमध्ये रंग कशाचे? कीवर्डचा एक, स्ट्रिंगचा एक, कॉमेंटचा एक. हे मला कोड वाचताना लागतं. एका अक्षराला एक पिक्सेल रुंदी मिळालेल्या मजकुरात ते घेऊन मी काय करू?

सेटिंगमध्ये मिनिमॅपचा आकार 'प्रपोर्शनल' ऐवजी 'फिट' केला की अख्खी फाइल पट्टीत बसते. मी लगेच केलं. जागा आता हलेनात, ही सोय. पण सहाशे पिक्सेलमध्ये ४,५०० ओळी बसवायच्या म्हणजे सात-आठ ओळींतली एकच दाखवायची, बाकीच्या गाळायच्या. चित्र उरलं, पण ओळखू येईना. सरांना दाखवलं तर म्हणाले, "हे तर निस्तं धुकं झालं." मग पुन्हा मूळ आकारावर आले.

मूळ आकाराचा मात्र एक उपयोग मला अनपेक्षित मिळाला, आणि तो इतका मोठा की पुढचं सगळं काम त्यावर उभं राहिलं. फाइल सावकाश खाली नेत असताना पट्टीत एक आकृती दिसली: सरळ डावीकडून सुरू होऊन पायरी-पायरीनं उजवीकडे गेलेली, मग एकदम मागं आलेली. एकात एक घातलेल्या इफ-एल्स अटींचा तो फुगवटा, कपातीचा भाग. थोडं खाली गेले तर तीच आकृती पुन्हा. आणखी खाली, आणखी दोन. कोड वाचताना हे कळलं नसतं, कारण चारी ठिकाणी व्हेरिएबलची नावं वेगळी होती. कुणीतरी कधीतरी एका कारखान्याचा तुकडा उचलून दुसऱ्यासाठी चिकटवला होता आणि नावं बदलली होती. अक्षरं वाचता येत नाहीत म्हणूनच नुसता आकार दिसला. मी चारी तुकडे शेजारी उघडले, फरक काढला, तर खरा फरक कपातीच्या क्रमाचा आणि ॲडव्हान्सच्या व्याजाचा. नावं सोडली तर बाकी अक्षर न् अक्षर सारखं. क्रम एका तक्त्यात काढला आणि फंक्शन एकच ठेवलं.

याउलट रोजच्या शोधाशोधीत मिनिमॅपचा हात फारच कमी लागला. तिथं कामाला आली ती त्याच्याही उजवीकडची अगदी चिंचोळी पट्टी, म्हणजे स्क्रोल बार. व्हीएस कोडमध्ये तिला ओव्हरव्ह्यू रूलर म्हणतात. शब्द शोधला की जिथंजिथं तो आहे तिथं तिच्यावर खूण उमटते, एरर असेल तिथं लाल, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) बदललेल्या दिसणाऱ्या ओळींना वेगळी. आणि ती कायम अख्ख्या फाइलची असते, कधी सरकत नाही. कपातीच्या एका व्हेरिएबलवर कर्सर ठेवला तर खुणा एका ठिकाणी दाट दिसल्या आणि खूप खाली, बँकेच्या यादीजवळ, एकच एकटी खूण. कपातीचं गणित तिथं कशाला? जाऊन बघितलं तर यादी छापताना पाणीपट्टी पुन्हा एकदा वजा करून बघितली जात होती, नुसती तपासणीसाठी. बिलाच्या आकड्याला धक्का नव्हता, पण भाग वेगळा काढताना ती ओळ नक्की तुटली असती.

आमच्याकडच्या बऱ्याच जणांचा समज होता की मिनिमॅप बंद केला की या खुणाही जातात. तसं नाही. मिनिमॅप बंद केला तरी त्या स्क्रोल बारवर राहतात. हे दाखवल्यावर आमच्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मग आजपातुर जागा कशाला घालवली?" त्यानं तिथल्या तिथं बंद करून टाकला. (सरांचं बाकीचं काम सी शार्प भाषेत असतं, व्हिज्युअल स्टुडिओ या वेगळ्या एडिटरमध्ये. त्यात २०१३ पासून उलटी तऱ्हा आहे: स्क्रोल बारचाच नकाशा करता येतो, आणि त्यावर माउस नेला की त्या जागेचा कोड वाचण्याइतक्या अक्षरांत दिसतो. हे मला जास्त पटतं, कारण जागेबरोबर मजकूरही मिळतो.)

फाइल फोडत गेले तसा मिनिमॅप आपोआप मागं पडला. मधल्या टप्प्यात एक सोय वापरली: कॉमेंटमध्ये 'मार्क' हा शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहून पुढं कोलन आणि नाव दिलं की ते नाव पट्टीत ठळक मथळा होऊन दिसतं. २०२४ पासून हे व्हीएस कोडमध्ये आहे. काटा, दर, तोडणी-वाहतूक, कपात, बँक असे मथळे टाकले आणि कुठला तुकडा कुठून कुठवर हे सगळ्यांना एकदम दिसू लागलं. अशी पट्टी असेल तर मी तिला जागा द्यायला तयार आहे. पण हे मथळेच पुढं वेगवेगळ्या फाइली झाल्या, दोनशे-तीनशे ओळींच्या. त्यात मिनिमॅप बघायचं कारणच उरलं नाही. कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून फंक्शनचं नाव टाइप केलं की झालं. लांब फंक्शनमध्ये आपण कुठल्या इफच्या आत आहोत, ही सरांची खरी अडचण होती. ती स्टिकी स्क्रोलनं सुटली. २०२२ मध्ये आलेल्या या सोयीत बाहेरच्या फंक्शनची आणि इफची ओळ वर चिकटून राहते.

मग सेटिंग काय ठरलं? रेपोतल्या सेटिंगमध्ये मिनिमॅपचा उल्लेखच ठेवला नाही. रेपोतलं, म्हणजे वर्कस्पेसचं, सेटिंग प्रत्येकाच्या स्वतःच्या सेटिंगवर चढतं, त्यामुळे तिथं 'बंद' लिहिलं असतं तर सरांचाही बंद झाला असता. स्टिकी स्क्रोल तेवढा सगळ्यांसाठी चालू ठेवलाय. पोराचा मिनिमॅप बंद, सरांचा चालू, पण 'फिट' करून (फाइली आता लहान, त्यामुळे धुकं होत नाही) आणि स्लायडर, म्हणजे आपण कुठं आहोत ते दाखवणारी चौकट, कायम दिसेल असा. माझा एरवी बंद असतो. कुणाची अनोळखी, लांबलचक फाइल पहिल्यांदा हातात आली की कमांड पॅलेटमधून टॉगल मिनिमॅप करते, एकदा वरपासून खालपर्यंत आकार बघून घेते आणि पुन्हा बंद करते. काट्याच्या मॉड्यूलची फाइल अजून फोडायची आहे, तिच्यात असे सारखे आकार आत्ताच दोन दिसलेत.