‘प्रतिमा काळी आहे’: सॅटेलाइट इमेज 8 बिट करण्याचा माझा अनुभव

‘प्रतिमा काळी आहे, पुन्हा सादर करावी.’ शेरा एवढाच. कोणत्या प्रोग्राममध्ये उघडली, कोणत्या कॉम्प्युटरवर काळी दिसली, काही नाही. रावेर तालुक्यात मे महिन्यातल्या वादळानं केळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. शेतकऱ्यांच्या नुकसानीच्या अर्जाला वादळाआधीची आणि वादळानंतरची अशा सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या दोन इमेज जोडायच्या होत्या. त्या मोफत मिळतात. उतरवून घेणं, बँड (लाल, हिरवा असे प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे) एकत्र करणं यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते त्या एका ओळीवर, आणि असं अडलं की अजून आठवलं तरी डोकं तापतं.

मुळात इमेज काळी नव्हतीच. माझ्याकडे क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये तीच फाईल लख्ख दिसत होती. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापीचं पात्र, मध्ये केळीचे गर्द पट्टे. फरक पडतो तो दाखवण्याच्या पद्धतीत. सेंटिनेलची फाईल 16 बिटची, म्हणजे एका पिक्सेलमध्ये 0 ते 65535 पर्यंत आकडा मावतो. प्रत्यक्षात आपल्या शेतांचे लाल बँडमधले आकडे साधारण 1500 ते 4000 च्या दरम्यान असतात. साधा फोटो व्ह्यूअर 65535 ला पूर्ण पांढरा धरतो. त्या हिशेबानं 4000 चा पिक्सेल पडद्यावर 255 पैकी जेमतेम 16 इतका उजळ होतो. काळाच दिसणार. क्यूजीआयएस मात्र दोन्ही टोकांचे दोन-दोन टक्के पिक्सेल सोडून उरलेल्या आकड्यांची पट्टी पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत स्वतःच ताणून दाखवतं. फाईलमधले आकडे तसेच राहतात.

हे मी कार्यालयात जाऊन समजावून सांगितलं. उत्तर मिळालं, ‘आम्हाला 8 बिट पाहिजे, तुम्ही नुसतं 8 बिट करून आणा.’ हे ‘नुसतं’च घात करतं. मी लॅपटॉप तिथंच उघडला आणि साहेबांसमोर जीडाल ट्रान्सलेट या इमेज फाईल बदलण्याच्या आज्ञेला फक्त डॅश ओटी बाइट, म्हणजे ‘8 बिट कर’ एवढंच, देऊन फाईल बनवली. सगळी पांढरी! कारण 8 बिटमध्ये 255 च्या वर जागाच नाही. 255 पेक्षा मोठा प्रत्येक आकडा 255 होऊन बसतो आणि जमिनीचा जवळजवळ प्रत्येक पिक्सेल 255 च्या वरच असतो. साहेब म्हणाले, ‘मग स्केल करा.’ बरोबर होतं, पण कुठून कुठपर्यंत, ते त्यांच्या सूचनापत्रात नव्हतं. पुढच्या टेबलावरही नव्हतं.

डॅश स्केल आकड्यांशिवाय दिलं तर जीडाल इमेजमधला सर्वात लहान आणि सर्वात मोठा आकडा शोधतं आणि त्या दोन टोकांमधली पट्टी 0 ते 255 वर बसवतं. ऐकायला छान वाटतं. पण सेंटिनेलच्या टाइलमध्ये, म्हणजे इमेज ज्या ठरावीक चौकोनी तुकड्यांत मिळते त्यात, उपग्रहाच्या पट्ट्याबाहेरचा कोपरा बऱ्याचदा रिकामा असतो आणि तिथं 0 भरलेला असतो, म्हणून खालचं टोक 0. वादळानंतरच्या इमेजमध्ये ढग होते. ढगाचा सर्वात उजळ पिक्सेल 16000 धरा, ते वरचं टोक. आता 1500 चा पिक्सेल होतो 24 आणि 4000 चा 64. सगळं शिवार 255 पैकी चाळीस पायऱ्यांत कोंबलं गेलं. पुन्हा अंधार, पुन्हा तोच शेरा.

आणि खरा धोका काळेपणाचा नाही. वादळाआधीची इमेज निरभ्र होती, तिचं वरचं टोक खाली आलं, म्हणून ती उजळ बनली. नंतरची ढगाळ, म्हणून गडद. दोन्ही शेजारी ठेवल्या तर जी बाग एका पानानंही हलली नव्हती, तीसुद्धा ‘नंतर’मध्ये काळवंडलेली दिसत होती. अशी जोडी अर्जाला लावली असती, तर नुकसान नसलेल्या शेतावर नुकसान दिसलं असतं, आणि कोणी बारकाईनं तपासलं असतं तर ज्यांच्या बागा खरंच भुईसपाट झाल्या त्यांच्या अर्जावरही संशय आला असता. बाग उभी करायला लागलेलं वर्ष ज्यानं पाहिलंय, त्याला हे चालणार नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: टोकं कॉम्प्युटरला ठरवू देऊ नका. आकडे स्वतः द्या आणि दोन्ही तारखांना तेच द्या.

खऱ्या रंगातल्या इमेजसाठी मी दिलं ते असं: जीडाल ट्रान्सलेट, डॅश ओटी बाइट, डॅश स्केल 1000 4000 1 255, मग मूळ फाईल, मग नवी फाईल. पहिले दोन आकडे मूळ पट्टीचे, पुढचे दोन नव्या पट्टीचे. 2500 चा पिक्सेल बरोबर 128 वर येतो. ढग 255 वर कापले जातात, जाऊ द्या, ढगात बघायचं काय आहे? नवी पट्टी 1 पासून धरली, कारण 0 ‘डेटा नाही’साठी राखून ठेवायचा होता.

1000 कुठून आला, हे विचारायला हवं. 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2 च्या आकड्यांत मुद्दाम 1000 मिळवलेले असतात. त्याआधी परावर्तन (जमीन प्रकाशाचा किती भाग परत फेकते ते) गुणिले 10000 एवढाच हिशेब होता. जुन्या इमेजशी तुलना करायची असेल तर तिला 0 ते 3000 द्यावं लागतं, नाहीतर सगळ्या शिवाराचा उजळपणा सरकलेला दिसतो. तारखेवर मात्र विसंबू नका, जुन्या इमेज नव्यानं प्रक्रिया करूनही दिल्या गेल्या आहेत. फाईलच्या नावात ‘एन’ पुढे चार आकडे असतात. ते 0400 किंवा त्याहून मोठे असले की 1000 मिळवलेले आहेत असं समजायचं.

रिकाम्या कोपऱ्याचा त्रास टाळायला आधी तालुक्यापुरता तुकडा कापून घ्या, डॅश प्रोजविननं. त्यात तुकड्याच्या कडांचे आकडे द्यायचे, क्रम डावा, वरचा, उजवा, खालचा असा आहे. पूर्ण टाइल 10980 गुणिले 10980 पिक्सेलची, म्हणजे 16 बिटमध्ये एकेक बँड सुमारे 241 एमबी. गावच्या नेटवर ती चढवत बसण्यात अर्थ नाही. जीडाल वार्प या दुसऱ्या आज्ञेनंही तुकडा कापता येतो, पण तिच्यात स्केल शोधू नका, तिथं ते नाही.

केळीसाठी मात्र खऱ्या रंगावर थांबू नये. हिरवी पानं निअर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, जोरात परत फेकतात, म्हणून 8 (निअर इन्फ्रारेड), 4 (लाल), 3 (हिरवा) हे बँड अनुक्रमे लाल, हिरव्या, निळ्या रंगात दाखवले की उभी बाग लालभडक दिसते आणि पडलेली लगेच फिकी पडते. यात 8 नंबरचे आकडे लालपेक्षा बरेच वर जातात. सगळ्यांना 4000 दिलं तर उभी बाग आणि अर्धी पडलेली बाग दोन्ही 255 वर जाऊन एकसारख्या होतात. म्हणून डॅश स्केल अंडरस्कोर 1 ला 1000 6000 आणि अंडरस्कोर 2 व 3 ला 1000 4000 असं वेगवेगळं दिलं. हे 1, 2, 3 म्हणजे तुमच्या फाईलमधला बँडचा क्रम, सेंटिनेलचे नंबर नव्हेत.

ही जोडी स्वीकारली गेली. शेरा नाही, सही. केळीवाल्या आप्पांना मोबाइलवर पाठवली तेव्हा त्यांनी बोट ठेवून आपला मृगबागेचा (मृगात लावलेल्या केळीचा) तुकडा ओळखला, शेजारचा उभा राहिलेला कांदेबागही (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी). त्या दिवशी सगळी चिडचिड वसूल झाली.

तुमच्या भागातले आकडे वेगळे असतील. ते काढायला जीडाल इन्फोला डॅश हिस्ट द्या (कोणता आकडा किती पिक्सेलमध्ये आहे ते दिसतं), किंवा क्यूजीआयएसच्या सिम्बॉलॉजीत किमान आणि कमाल लिहिलेलं असतं तेच उचला, फक्त अचूकता ‘अंदाजे’वरून ‘प्रत्यक्ष’ करून घ्या. त्याच नावाची नवी फाईल जागेवर ठेवली असेल तर शेजारची, हे आकडे साठवून ठेवणारी ऑक्स एक्सएमएल फाईल आधी पुसा, नाहीतर जुनेच आकडे समोर येतात. पावसानंतर काळी जमीन फारच गडद दिसली तर स्केलसोबत डॅश एक्स्पोनंट 0.7 वगैरे देऊन बघा, गडद भाग खुलतो, पण तेही दोन्ही तारखांना सारखंच.

आणि 16 बिटची मूळ फाईल जपून ठेवा. एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा मोजणारा निर्देशांक) काढायचा तो तिच्यावरच, तोही आधी ते 1000 वजा करून. ताणलेल्या 8 बिट फाईलवर काढलेला एनडीव्हीआय कोणी दिला तर घेऊ नका.