कापणीच्या सणानंतर

सोमवार, रात्री

कालपासून राग येतोय आणि तो कोणावर आहे ते नीट सांगता येत नाही. घरात सगळे झोपलेत. स्वयंपाकघरात बसून लिहितेय.

काल चर्चमध्ये कापणीचा सण झाला. वेदीपुढे नेहमीसारखी रास लागली होती. बाजरीची कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या, अंडी, पाय बांधलेली एक कोंबडी. आणि कडेला मावशींची पाटी, तिच्यात कपाशीची काळी पडलेली बोंडं. सप्टेंबरच्या पावसानं शेवगाव-पाथर्डीकडे काय केलं ते नव्यानं लिहायला नको. मावशींच्या रानातलं पाणी तर हललंच नाही. पाळकसाहेब पाटीजवळ थांबले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "यंदा रानात आहे ते आणलं, साहेब." मग उपकारस्तुतीच्या गीताला सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

आसपासच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला राग आला. एवढं सगळं वाहून गेल्यावर या बाईला कशाची खात्री वाटते? आणलेल्या वस्तूंच्या लिलावात भोपळ्याची बोली चढत होती, लोक हसत होते, आणि माझ्या डोक्यात तेवढंच. कशाची खात्री?

यांच्या कंपनीतून आलेला कागद अजून कपाटात साड्यांखाली आहे. धाकटीची फी जानेवारीत. सासूबाईंच्या तपासणीबद्दल आज लिहीत नाही. रोज पहाटे उठून प्रार्थना करतेय, आणि रोज उठताना छातीवर तोच दगड. मीही लहानपणापासून याच देवाची लेकरू ना? मग मावशींना जे मिळालं ते मला का नाही? चर्चच्या दारात हात जोडून "सलाम, कशा आहात?" विचारलं की सगळे म्हणतात, प्रभूची कृपा. मीही म्हणते. पुढे कोणी विचारत नाही.

काल वाचन बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं होतं. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. कापणीच्या सणाला हे किती वेळा ऐकलंय. आज भांडी आवरून झाल्यावर तोच अध्याय काढला, मुख्य म्हणजे त्या "तरी"शी भांडायला.

पुस्तक तीन अध्यायांचंच आहे. पहिल्यापासून वाचत गेले आणि थांबता येईना. पहिला अध्याय म्हणजे निव्वळ तक्रार. किती काळ ओरडू, तू ऐकत का नाहीस, अन्याय बघून गप्प का बसतोस. त्यावर देवाचं उत्तर काय, तर खास्दी लोक, म्हणजे बाबेलचं सैन्य, चालून येताहेत. म्हणजे आहे त्याहून वाईट. संदेष्टा ते ऐकून गप्प बसत नाही, पुन्हा विचारतो, हे तुला शोभतं का? मग बुरुजावर जाऊन उभा राहतो, देव काय बोलतो ते बघायला. नीतिमान आपल्या विश्वासानं जगेल, हे वचन त्याला तिथे मिळतं. आणि अंजिराच्या ओळीच्या अगदी आधीची ओळ! पोटात कालवाकालव, ओठ थरथरताहेत, हाडांत कीड शिरल्यासारखं झालंय, पाय लटपटताहेत. सणाला आपण ही ओळ सोडतो आणि अंजिरापासून सुरू करतो.

मी इतकी वर्षं समजत होते की आधी थरथर थांबते, मग "तरी" म्हणता येतं. त्याची थांबलेली नाही. लटपटत्या पायांनीच म्हणतोय तो.

हे वाचून मावशींची पाटी वेगळी दिसायला लागली. मी त्यांचा फक्त आवाज ऐकला होता. त्यांनी नुकसान झाकलं कुठे? सगळ्या मंडळीदेखत देवापुढे आणून ठेवलं, आणि मग गायल्या. माझी बोंडं मात्र साड्यांखाली.

मग नव्या करारातलं फिलिप्पैकरांस पत्र काढलं, पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं. असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे, असं पौल लिहितो ते बंदिवासातून. शिकलो म्हणतो, म्हणजे एके काळी येत नव्हतं. आणि ते पत्र मुळात मदत मिळाल्यावर लिहिलेलं. एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती फिलिप्पैकरांनी पाठवलेलं पोचलं, माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगलं केलंत, असंही तो लगेच लिहितो. समाधानी माणसाची अडचण फिलिप्पैपर्यंत कळलेली होती तर.

पणजीची आठवण आली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणलेल्या मुलींपैकी ती. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. आजी सांगायची की पणजीला रमाबाईंच्या पंडितपणाचं फारसं काही नव्हतं. बाईंनी स्वतः भूक पाहिली होती, याचं होतं. आई, वडील, बहीण दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, आणि म्हातारपणी, १९२१ मध्ये, लेक मनोरमाबाई. त्यानंतरही बाई बायबलच्या मराठी भाषांतराला बसत राहिल्या. ते पूर्ण छापून आलं १९२४ मध्ये, त्यांच्या मागे दोन वर्षांनी. लेक गेल्यावर त्या टेबलाशी बसताना त्यांचं पोट कालवलं नसेल, असं मला वाटत नाही.

दगड अजून आहे. पण आता त्याच्यासकट प्रार्थना करता येईल असं वाटतंय, आणि राग तर कधी गेला कळलं नाही. नोकरीचं होईल की नाही, देव जाणे. तो जाणतो, एवढ्यावर आज झोप येईलसं वाटतंय.

बुधवारी महिला संगतीत वाचन माझ्याकडे आहे. पाळकबाईंना आत्ताच निरोप टाकला. हबक्कूक घेते म्हणाले, पहिल्या अध्यायापासून. आणि प्रार्थनेच्या विषयांत यांचं नाव घाला, कंपनीचं काय झालं ते मी तिथे सांगते. उद्या सकाळी आधी यांना विचारायला हवं.