शून्यालाही रकाना असतो

जानेवारीच्या अखेरीस, एका शुक्रवार ते रविवारच्या दरम्यान, ब्रिटनमधले लाखो लोक तासभर खिडकीशी बसून पक्षी मोजतात. ‘बिग गार्डन बर्डवॉच’ म्हणतात त्याला. आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेने १९७९ साली मुलांसाठी सुरू केलेला हा हिवाळी उद्योग आता मोठ्यांनीच बळकावलाय. मीही बसते. त्या थंडीत घरातून करता येण्यासारखं एवढंच असतं!

नियम एकच, पण नेमका. तासाभरात एकूण किती पक्षी आले ते लिहायचं नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले, ते लिहायचं. आधी चार चिमण्या आल्या, उडाल्या, मग तीन आल्या, तर उत्तर सात नव्हे, चारच. मघाचीच चिमणी पुन्हा आली नाही कशावरून? आणि काहीच दिसलं नाही, तर तेही कळवायचं. मला हे सगळ्यात आवडलं. कारण लोकांवर सोडलं, तर ते दुर्मीळ तेवढंच उत्साहाने सांगतात. चिमणी वर्षानुवर्षं या यादीत पहिल्या क्रमांकावर असते, तरीही ती इथे धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. रोज दिसणारा पक्षी कमी होतोय, हे मोजल्याशिवाय लक्षातच येत नाही.

ग्रीनफिंचचं उदाहरण घ्या. हा हिरवट, जाड चोचीचा पक्षी बागांमध्ये सर्रास दिसायचा. २००५-०६ च्या सुमारास त्याच्यात ट्रायकोमोनोसिस हा परजीवीमुळे होणारा रोग पसरला. त्यात घसा सुजतो, पक्ष्याला गिळता येत नाही. घरोघरच्या नोंदींत त्याची घसरण दिसत गेली आणि २०२१ मध्ये तोही लाल यादीत गेला. गंमत म्हणावी की दुर्दैव, हा रोग पसरायला आपण मायेने ठेवलेले दाणे आणि पाणीही हातभार लावतात. म्हणून आता फीडर नियमित धुवा, जागा बदलत राहा, आजारी पक्षी दिसला तर काही काळ दाणे ठेवूच नका, असं सांगतात.

बागेतल्या मोजणीत एक खोट आहेच : जिथे माणसं राहतात, तिथलेच पक्षी मोजले जातात. त्यावर उतारा म्हणजे १९९४ पासूनचं ‘ब्रीडिंग बर्ड सर्व्हे’ हे विणीच्या हंगामातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण. त्यात आपल्या आवडीच्या तळ्याकाठी जायची सोय नाही. एक-एक किलोमीटरचे चौरस चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले असतात. त्यातला एक घ्यायचा, वसंतात दोनदा पहाटे ठरलेल्या वाटांवरून चालायचं आणि दिसेल, ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी लिहायचा. आमच्या शेजारच्या आजोबांकडे असाच एक चौरस आहे : सगळी गव्हाची शेतं, मधून विजेचे मनोरे. त्यांना म्हटलं, तिथे काय बघायला मिळतं? म्हणाले, “फारसं काही नाही, पण दरवर्षी तेच ‘फारसं काही नाही’ नीट लिहून ठेवतो.”