तिसऱ्या रांगेतला नवा पट्टा

जुनी गाडी घेण्याआधी ती तपासून देणं हा माझा धंदा. पैसे गाडी विकत घेणारा देतो, गाडी विकणाऱ्याच्या आवारात उभी असते, आणि मी टॉर्च घेऊन तिच्याखाली पाठीवर झोपलेला असतो. सात सीटची गाडी असेल तर माझी एकच अट असते: घरातली सगळी माणसं घेऊन या. लोकांना ती गंमत वाटते. पण माणसं भरल्याशिवाय मागचे शॉकअप किती बसतात, टायर आतून घासतात का, मागचा एसी शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का, हे कळायचं कसं?

त्या कुटुंबाने अट पाळली. नवरा-बायको, दोन मुलं, आजी-आजोबा. आजींना तिसऱ्या रांगेत बसवून पाहिलं. तिथला तळ उंच, गुडघे पार छातीशी येतात, आणि आत जायचं तर मधली सीट दुमडून वाकत घुसावं लागतं. "मी नाही बाई इथे बसणार," म्हणत त्या उतरल्या. म्हणजे मागे मुलं. बहुतेक घरांत हे असंच ठरतं, आणि गाडी पसंत करताना सगळ्यात कमी बघितली जाते तीही हीच रांग.

गाडी २०१६ ची, डिझेल. इंजिनाबद्दल काय सांगू, अशी ठेवलेली गाडी क्वचित हाती येते. मी येईपर्यंत सुरू करू नका असं बजावलं होतं. बोनेट थंडगार लागला, आणि पहिल्याच चावीला धूर न काढता गाडी सुरू झाली. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही. तेवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण कोड पुसायला दोन मिनिटं लागतात. पुसल्यावर मात्र गाडीच्या स्वतःच्या चाचण्या 'अपूर्ण' दिसायला लागतात आणि पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. इथे सगळ्या पूर्ण होत्या. सर्व्हिसची बिलं पहिल्यापासून, किलोमीटर ओळीने चढत गेलेले, पेडलच्या रबराची झीज त्या आकड्याला शोभणारी. मागच्या एसीचे पाइप तळाखालून जातात, चिखल-पाण्याने कुजतात, आणि लोक दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरत बसतात. तेही स्वच्छ होते.

मग रंगाची जाडी मोजणारं गेज काढलं. छत, बोनेट, चारही दारं ११० ते १२० मायक्रॉन, म्हणजे कंपनीचा रंग. मागचा उजवा कोपरा ४३०. खाली पुट्टी. आणि त्याला लागूनच असलेलं डिकीचं दार पुन्हा ११५! कोपरा दबला आणि दाराला ओरखडाही नाही, असं होत नाही. डिकीच्या काचेवरचा शिक्का वाचला. बाकी सगळ्या काचा २०१६ च्या, ही २०१८ ची. दुसऱ्या गाडीचं दार, त्याच रंगाचं शोधून आणून बसवलेलं. हे सापडलं तेव्हा मला आनंद झाला हे कबूल केलं पाहिजे, गिऱ्हाईक शेजारी उभं असलं तरी.

डिकीतला गालिचा उचलला. कंपनीच्या जोडावर रोबॉटने मारलेले गोल ठिपके असतात, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे. इथे उजव्या बाजूला ठिपके संपून वेल्डिंगचे ओबडधोबड गोळे सुरू होत होते, वर ब्रशने फासलेलं सीलंट. तळाखालच्या मेंबरलाही, म्हणजे सांगाड्याच्या पोलादी तुळईलाही, जोड दिलेला. विकणारा म्हणाला, "मागून जरा टेकली होती, साहेब." या धंद्यात गाड्या कधी ठोकल्या जात नाहीत, फक्त टेकतात.

शेवटी सवयीने सीटबेल्टच्या सातही पट्ट्यांची लेबलं वाचली. पट्टा पूर्ण बाहेर ओढला की मुळाशी त्याची तारीख सापडते. सहा पट्टे २०१६ चे. तिसऱ्या रांगेतला उजवा २०१८ चा.

हे मला अजून उलगडलेलं नाही. मागून धक्का बसला की माणूस पाठीकडे, सीटमध्ये रेटला जातो. पट्ट्यावर समोरच्या धडकेइतका ताण येत नाही. मग बदलला का? पत्रा ज्याने इतका गबाळा जोडला, त्याच माणसाने पट्टा मात्र अस्सल, नवा, नीट कसून बसवला? नेहमी उलटं असतं: दिसतं ते चकचकीत, आणि जीव ज्याच्यावर टांगलेला ते तसंच. त्यावरून काय निघतं ते सांगता येईना, म्हणून फोटो न काढता नुसतं वहीत टिपून ठेवलं.

त्या घरच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "मुलं मागे बसली तर?" मी सांगितलं ते असं. शेवटच्या सीटची पाठ आणि डिकीचं दार यात फार तर वीतभर जागा असते. धडक तळाच्या त्या मेंबरने ठरलेल्या क्रमाने दुमडत जाऊन पचवायची असते. मजबूत पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारी कमकुवत होतं, म्हणून कुठे कापायचं आणि कसं जोडायचं हे कंपनी लिहून देते. हा जोड तसा आहे का, ते डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यांनी गाडी सोडली. नवरा मात्र इंजिनासाठी हळहळत गेला.

काही आठवड्यांनी दुसऱ्याच माणसाने बोलावलं आणि समोर तीच गाडी. मागचा तळ काळ्या अंडरकोटने जाड लिंपलेला. नवा गालिचा, तोही चिकटवलेला. डिकीच्या काचेवरच्या शिक्क्यावर स्टिकर. कोपऱ्याबद्दल विचारण्याआधीच उत्तर तयार: "पार्किंगमध्ये घासली होती." पहिल्या गिऱ्हाइकाने भाव पाडून घ्यायला माझा रिपोर्ट दाखवलेला असणार. दाखवतातच, त्यांचा तो हक्कच आहे. त्यातला एकेक फोटो समोर धरून त्या त्या जागेची सोय केलेली होती. चोराला पोलिसानेच यादी करून द्यावी तसं झालं.

तो रिपोर्ट पैसे देणाऱ्याचा, मी स्वतः तो दुसऱ्याला दाखवायचा नाही, हा माझा नियम आहे. अंडरकोट थोडा खरवडू का विचारलं, तर "माल खराब करू नका." मग मागच्या रांगेत जाऊन पट्टा ओढला. २०१८. फोटोत नसलेली ती एकच खूण जागच्या जागी होती. ती नव्या गिऱ्हाइकाला दाखवली.

"नवा पट्टा आहे म्हणजे चांगलंच की," ते म्हणाले.

"एकच नवा का, ते त्यांना विचारा."

विचारलं. विकणारा म्हणाला, "उंदरांनी कुरतडला होता." आणि उंदीर खरंच कुरतडतात, तसे पट्टे मीच कितीदा बदलायला लावलेत.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: इंजिन उत्तम, मागचा तळ उघडून बघू दिला नाही, तोवर तिसऱ्या रांगेत कुणालाही बसवू नये. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला.

"अहो, मग सात सीटची गाडी घेऊन मी करू काय?"