तुम्ही विचारलंत म्हणून: आम्हा डॉक्टरांना ऑस्टिओपॅथी कितपत कळते?

ऑस्टिओपॅथी म्हणजे हाडं, सांधे, स्नायू हातांनी हलवून-ताणून उपचार करायची पद्धत; अमेरिकेत तिच्या कॉलेजांतून डी.ओ. ही पदवी मिळते. हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. पहिली म्हणजे न्यू जर्सीला मुलाकडे राहून आलेले कोथरूडचे आजी-आजोबा. तिकडची फाईल टेबलावर ठेवतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "तिथल्या डॉक्टरच्या नावापुढे एम.डी. नव्हतं हो, डी.ओ. होतं. खरा डॉक्टर होता ना तो?" दुसरी म्हणजे हिंजवडीला जाऊन-येऊन पाठ धरलेली मुलं. मान कट्‌कन मोडून देणारी रील त्यांनी पाहिलेली असते. "मॅडम, ऑस्टिओपॅथकडे जाऊन बघू का? का तुम्हा लोकांना त्यातलं काही माहीतच नसतं?"

फारसं नसतं, हे सरळ सांगते. एमबीबीएसला प्लास्टर, ट्रॅक्शन, मणक्याचा टीबी सगळं होतं. ऑस्टिओपॅथीवर एखादा तास झाल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडच्या जुन्या डॉक्टरांना तर डी.ओ. म्हटलं की डोळ्यांचा डिप्लोमाच आठवतो. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी "असलं काही करू नका" असं झटकून टाकलं, किंवा "जा, काही बिघडत नाही" म्हणून सोडून दिलं, तरी दोन्ही उत्तरं बहुधा सारख्याच माहितीवर दिलेली असतात.

आजोबांचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेतला डी.ओ. हा पूर्ण डॉक्टर. औषधं लिहितो, ऑपरेशन करतो, आयसीयू सांभाळतो. शिक्षणात फरक एवढाच, की हातांनी करायच्या उपचारांचे साधारण दोनशे तास त्याला जास्तीचे असतात, आणि पुढे प्रॅक्टिसमध्ये बरेच जण ते फारसे वापरत नाहीत. आज तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त डी.ओ.च्या कॉलेजांत शिकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प यांना कोविड झाला, तेव्हा त्यांचे डॉक्टर शॉन कॉन्ली डी.ओ. आहेत हे पाहून आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवरही "हाडवैद्य नेमलाय का?" अशी थट्टा झाली. शिकलेसवरलेले लोक, पण माहिती तेवढीच.

थट्टेचं मूळ मात्र जुनं आहे. ही पद्धत काढली अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरने. १८६४ मध्ये त्याची तीन मुलं मेंदूज्वराने गेली. तेव्हाचे उपचार म्हणजे पारा आणि रक्त काढणं. त्यावरचा त्याचा विश्वास उडाला आणि १८७४ मध्ये त्याने आपली वेगळी वाट जाहीर केली. शरीराची ठेवण नीट बसवली की रक्ताभिसरण सुधारतं आणि शरीर स्वतःला बरं करतं, हा त्याचा सिद्धांत. १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिली शाळा निघाली. एम.डी. मंडळींनी पुढे कित्येक वर्षं त्यांना दारात उभं केलं नाही. मग १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात भलताच प्रकार झाला. तिथल्या डी.ओ. डॉक्टरांना पासष्ट डॉलर फी भरून एम.डी. ही पदवी लावायची मुभा मिळाली. कालपर्यंत ज्यांना भोंदू म्हणत होते, त्यांना पासष्ट डॉलरमध्ये आपल्यात घेतलं! वैद्यकातले वाद नेहमी विज्ञानाचेच असतात असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हिंजवडीच्या मुलांचा ऑस्टिओपॅथ मात्र हा नव्हे. अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी ऑस्टिओपॅथ म्हणजे फक्त हातांनी उपचार करणारा, औषध न लिहिणारा. ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी १९९३ चा कायदा आहे आणि नोंदणीशिवाय कुणाला ते नाव लावता येत नाही. आपल्याकडे डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होते, फिजिओथेरपिस्टसाठी वेगळी परिषद आहे, पण ऑस्टिओपॅथसाठी अशी परिषद नाही. म्हणजे पाटीमागे ओडिशातल्या श्री श्री विद्यापीठात रीतसर शिकून आलेला माणूस असू शकतो, चांगला फिजिओथेरपिस्ट असू शकतो, नाहीतर शनिवार-रविवारची कार्यशाळा करून आलेला कुणीही. पाटी तिघांची सारखीच. कुठे शिकलात, किती वर्षं, असं तोंडावर विचारा. पुणेकरांना यात संकोच वाटायचं कारण नाही.

आता गंमत बघा. ज्या डॉक्टरला ऑस्टिओपॅथीचं नाव काढलेलं चालत नाही, तो रोज चिठ्ठीवर "फिजिओथेरपी" लिहितो. तिथे काय होतं? तुम्ही उताणे झोपता. थेरपिस्ट तुमचा सरळ पाय ताण जाणवेल इतका वर उचलते आणि म्हणते, "टाच माझ्या हातावर खाली दाबा, पण हलकेच." पाच-सात सेकंद दाबता, सैल सोडता, एक श्वास घेता. ती पाय आणखी थोडा वर नेते. असं तीन-चार वेळा. याला मसल एनर्जी टेक्निक म्हणतात, आणि ते बसवलं फ्रेड मिचेल या अमेरिकन ऑस्टिओपॅथने. आपल्या फिजिओच्या मुलींना ते सर्रास येतं. म्हणजे ऑस्टिओपॅथी आमच्या चिठ्ठीवरून केव्हाच घरात आली आहे, फक्त आम्हाला ठाऊक नाही.

उपयोग होतो का? कंबरदुखीत थोडाफार होतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं, की हातांचे उपचार करायचे तर व्यायामाच्या जोडीनेच, एकटे नाहीत. मला हे पटतं. नुसतं टेबलावर पडून "करून घेणारा" पेशंट महिनाभराने परत येतोच. डोक्याच्या कवटीवर हलका हात ठेवून तिथली "लय" सुधारतो म्हणणाऱ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. त्याला धड पुरावा नाही, आणि लहान बाळांवर ते करून घेऊ नका. आणि कट्‌ हा आवाज हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज असतो.

ऑस्टिओपॅथी कळत नसली, तरी तिथे जाण्याआधी आमच्याकडे या असं मी म्हणते, त्याला कारण आहे. "मणक्यात गॅप आलीय", "गादी सरकलीय", "नस दबलीय" असं म्हणत येणाऱ्यांत बहुतेकांची पाठ साधी असते. पण रात्री झोपू न देणारी पाठदुखी, बारीक ताप आणि वजन उतरणं असं एकत्र आलं, की मला मणक्याचा टीबी आधी आठवतो. आपल्या देशात तो आठवायलाच हवा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल, कुणाचाही हात नको. साठी ओलांडलेल्या बाईंची हाडं बऱ्याचदा ठिसूळ असतात, कुणी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेत असतं, कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या. मानेला जोराचा झटका दिला तर क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो. क्वचितच, पण ज्याला होतो त्याला ते सांगून काय उपयोग?

तरीही जायचं असेल तर मी अडवत नाही. चिठ्ठी देते. त्यावर चालू औषधं, हाडांच्या घनतेचा रिपोर्ट असेल तर तो आकडा, आणि खाली ठळक अक्षरांत "मानेला झटका नको". एकदा अशा चिठ्ठीवर कर्वे रोडच्या एका ऑस्टिओपॅथने उलट निरोप पाठवला: पायातली ताकद कमी वाटते, मी हात लावलेला नाही, आधी एमआरआय करा. एमआरआयमध्ये नस चांगलीच दाबलेली निघाली. तेव्हापासून विचारणाऱ्यांना मी त्यांचाच पत्ता देते. मात्र जाऊन आलात की मला कळवा. "डॉक्टर रागावतील" म्हणून लपवणारे पेशंट मला सगळ्यांत जास्त छळतात.