अडचण : निरंक

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं की आमच्या खिडकीवर बोनाफाईडवाले येतात आणि टीसीवाले येतात. बोनाफाईडवाला घाईत असतो, काचेवर टकटक करतो. टीसीवाला बाजूला उभा राहून गर्दी ओसरायची वाट पाहतो.

नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एका खासगी पॉलिटेक्निकात मी विद्यार्थी विभाग सांभाळते. प्रवेश, शिष्यवृत्ती, दाखले, सगळं एकाच टेबलावर. हा टीसीवाला पोरगा मेकॅनिकलचा, दुसऱ्या वर्षाचा, अर्जुनी मोरगावकडचा.

"मॅडम, टीसी पायजे होती."

"काहून रे?"

"घरी काम हाये."

टीसीआधी नो ड्यूजचा, म्हणजे कॉलेजचं काही देणं बाकी नाही असा, फॉर्म भरावा लागतो. त्या दिवशी फॉर्मचा गठ्ठा संपला होता आणि झेरॉक्स मशीन बंद. शिपाई बाहेरून झेरॉक्स आणायला गेला, तेवढ्यात मी सहज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, त्याचा अर्ज उघडला. मशीन चालू असतं तर फॉर्म घेऊन तो केव्हाच निघून गेला असता. हे डोक्यातून जातच नाही.

अर्जासमोर लिहिलेलं, रक्कम वितरित. आणि बाहेर फी थकवणाऱ्यांच्या यादीत याचं नाव.

हा घोळ बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. २०२१ पासून अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो, आणि त्यातली फी त्यानं कॉलेजात आणून भरायची. पोर्टलवर पैसे गेलेले दिसतात, पोरगं म्हणतं आले नाहीत. आमचे अकाउंटंट मग निकाल देऊन मोकळे होतात, "खाल्ले यानं. मोबाईल घेतला असंल." याचा मोबाईल मी पाहिला. काच फुटलेली, मागचं झाकण रबर बँडनं बांधलेलं. अकाउंटंट साहेबांना तो दिसायचा नाही, ते खिडकीतून मान वर काढतच नाहीत.

पासबुक दप्तरातच होतं, पन्नीत गुंडाळलेलं. त्यात शिष्यवृत्तीची एन्ट्री नव्हती.

पैसा खाते क्रमांकावर येत नाही, आधारवर येतो. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था, तिच्याकडे ज्या बँकेशी तुमचं आधार शेवटचं सीड झालं, म्हणजे जोडलं गेलं, त्या बँकेत. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली तेव्हा बायांनी बँकांपुढे रांगा लावून हे शिकून घेतलं. आमच्या प्राध्यापकांना अजून समजावून सांगावं लागतं.

सीडिंग कुठं आहे ते आधारच्या साइटवर दिसतं, पण ओटीपी पाहिजे. आधारला नंबर मोठ्या भावाचा, भाऊ बुटीबोरीच्या कंपनीत, आणि तिथं फोन गेटवर जमा. जेवणाच्या सुट्टीत तो गेटवर आला, आकडे सांगितले. ते टाकले तर पोरानं कधी नावही न ऐकलेली एक पेमेंट बँक समोर आली. सीडिंग उन्हाळ्यातलं.

"उन्हाळ्यात कुठं अंगठा दिला होता?"

बराच वेळ त्याला आठवेना. मग म्हणाला, "सिम घेतली होती सीताबर्डीवर, बर्डीच्या बाजारात. तो छत्री लावून बसते न, त्याच्यापाशी. त्यानं दोनदा घेतला अंगठा. म्हणे पहिला आलाच नाही."

पहिला अंगठा बरोबर आला होता, हे मी पैजेवर सांगते. दुसऱ्या अंगठ्यानं खातं उघडलं.

जवळच एक किराणावाला त्या बँकेचे व्यवहार करतो, तिथं त्याला घेऊन गेले. अंगठा लागेना. सुट्टीभर घरी धान कापलं होतं, बोटांच्या पेरांवर विळ्याचे बारीक काप आणि कातडी घासून गुळगुळीत. मशीन पुसलं, बोट पुसलं, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. शिल्लक आली तशी दुकानदारानं स्क्रीन आमच्याकडे वळवली. पैसे होते, सगळे. एका वेळी दहा हजारांच्या वर निघत नाहीत, म्हणून फी तुकड्यातुकड्यानं भरली. पुढची रक्कम पुन्हा तिकडेच जाऊ नये म्हणून त्याच्या बँकेत सीडिंगचा अर्ज दिला.

आता आमच्या सोयींबद्दल. समान संधी केंद्राचा फलक आहे, खालच्या खोलीत कॅरम ठेवलेले आहेत. तक्रार पेटी आहे, किल्ली कुणाकडे ते ठाऊक नाही. प्रत्येक पोराला मेंटॉर आहे. याची मेंटॉर डायरी मी काढून पाहिली. सुरेख अक्षर, प्रत्येक पानावर सही, कॉलेजला मानांकन देणाऱ्या एनबीएची समिती पाहील म्हणून प्लास्टिकचं कव्हर. 'विद्यार्थ्याची अडचण' या रकान्यात महिन्यामागून महिने, निरंक. पोरानं सांगितलं नाही म्हणून की कुणी विचारलंच नाही म्हणून, हे डायरीवरून कळत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "सर लय चांगले हायेत." वर्गात जाताना यादीतलं नाव सगळ्यांना दिसते, म्हणून तो पाठीमागच्या जिन्यानं जायचा, हे मात्र बोलता बोलता निघालं.

सिमवाल्याची तक्रार करू म्हटलं. "जाऊ द्या न मॅडम." दुसऱ्या दिवशी मी एकटीच बर्डीवर जाऊन आले. त्या जागी चष्मे विकणारा बसला होता.

मग यादीतली बाकीची पोरं एकेक बोलवायला घेतली. अकाउंटंट म्हणाले, हे तुमचं काम नाही. आतापर्यंत आलेल्यांत आणखी दोघांचं सीडिंग भलतीकडेच निघालं. एकीचं तर बापाच्या गावच्या पतसंस्थेत कागद दिलेले, सीडिंग कुठंच नाही.

याची पावती फाटली, पण यादीतून नाव काढायला प्राचार्यांच्या सहीचा वेगळा अर्ज लागतो म्हणे. तो मी टाईप केला, त्यानं सही केली. प्राचार्य मुंबईला गेलेत, सोमवारी येतील.